नको काकी, घसा बसलाय

आधीच सांगते... या सदरातले अनुभव मी हसायला वाचायचे. आमच्या ग्रुपवर टाकून खाली "धन्य ते एकविसावं शतक!" असं लिहायचे. दादरला स्टेशनबाहेर भर उन्हात उभं राहून बुवाबाजीविरुद्ध पत्रकं वाटली आहेत मी. ती लिहिलीही मीच होती. भूत, भानामती, करणी, दृष्ट — या सगळ्यावर माझं मत एका कागदात, मागून-पुढून छापून तयार असायचं. ते मत आजही बदललेलं नाही. तरी लिहितेय, कारण जे झालं ते पत्रकात बसत नाही, आणि डॉक्टरांच्या केसपेपरवरही सगळं बसलं नाही. आणि खरं सांगायचं तर दमलेय. वाद घालायचं त्राण नाही. तेव्हा कृपा करून नारळ, लिंबू, पारायण यातलं काही सुचवू नका.

जागा सांगते. लालबाग, मार्केटच्या मागची आमची चाळ. नाव देत नाही, कारण करारावरची शाई अजून ओली आहे. दोन इमारती, मध्ये चौक; पाडून नवी बांधायला बिल्डर आलेला. पहिल्या इमारतीत पहिल्या मजल्यावर, गॅलरीच्या टोकाकडून दुसरी खोली आमची — मी आणि आई. टोकाची खोली साटमांची. साटमांनी बिल्डरचं म्हणणं मान्य केलं आणि ते ट्रान्झिटला, म्हणजे तात्पुरत्या घरात, निघून गेले. खोली रिकामी झाली की त्याच दिवशी बिल्डरची माणसं येतात, दारावर बाहेरून पत्रा ठोकतात आणि कुलूप घालतात. परत कुणी राहायला येऊ नये म्हणून. चावी त्यांच्या साइट ऑफिसात. म्हणजे आमच्या भिंतीपलीकडे एक पत्रा मारलेली खोली, आणि त्या खोलीत जाऊ शकणारा माणूस एकच — बिल्डरचा. एवढं लक्षात असू द्या.

आमची भाडेकरूंची समिती आहे. बिल्डर देतोय त्यापेक्षा जागा जास्त हवी आणि ती याच ठिकाणी हवी, हे भांडण. त्यात पत्रकं लिहायची मी आणि घोषणा द्यायची दर्शनाने. दर्शना माझी शाळेपासूनची मैत्रीण. वडिलांची खोली दुसऱ्या इमारतीत, पण छताचे पोपडे पडून खालून टेकू लावल्यापासून ती भायखळ्याला बहिणीकडे राहते. दादरला एका ऑफिसात नोकरी, आणि संध्याकाळी चाळीत हजर. तिचा आवाज... कसा सांगू? मोठा होताच, पण नुसता मोठा नव्हे. खणखणीत, आणि शेवटाला जरासा वर उचललेला, जणू समोरच्याला हात धरून उठवतेय. गणपतीत मांडवात ती बोलत असली की माईक चालू आहे की बंद, ते कळायचं नाही. मोर्च्यात मी लिहिलेलं वाक्य तिच्या तोंडून बाहेर पडलं की मलाच वाटायचं, बाप रे, हे मी लिहिलं?

गेल्या गणपतीनंतर ती गप्प झाली.

सुरुवातीला कुणाच्या लक्षात आलं नाही. विसर्जनानंतर लालबागमध्ये निम्म्या माणसांचे घसे बसलेलेच असतात. पण पुढे ती फोन उचलेना. मेसेज करायची, तोही एका शब्दाचा. "ओके." "बघू." "येते." वॉर्ड ऑफिसवरच्या मोर्च्याला आली नाही. बैठकीला आली, गळ्याला ओढणी गुंडाळून मागच्या बाकावर बसली. त्या बैठकीत बिल्डरचा नवा प्रस्ताव वाचून दाखवला. आधीच्यापेक्षाही वाईट होता. सगळ्यांनी मान वळवून दर्शनाकडे बघितलं. आता ही उठणार... ती उठली नाही. खाली बघत राहिली.

आमच्याकडे एक नियम आहे. कुठे लिहिलेला नाही, पण गिरणगावात वाढलेल्या प्रत्येकाला पाठ आहे. लिहिणारा थांबला तर तो दमला असेल. वर्गणी देणारा थांबला तर अडचणीत असेल. पण घोषणा देणारा गप्प बसला, तर समजायचं की तो विकला गेला. माझे बाबा गिरणीत होते. हे मी त्यांच्याकडून जेवताना इतक्या वेळा ऐकलंय की मला ते वरण-भातासारखं खरं वाटतं.

आणि मग आवाज यायला लागला.

भुताच्या गोष्टीत असतो तसा रात्री-बेरात्री नाही. भर दुपारी. चाळीत दुपारी जेवणं झाली की एक सुस्ती असते, नळ गेलेला असतो, पोरं शाळेत असतात. मी घरीच पत्रकांचं काम करत बसले होते. आई तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "गो, दर्शना इली हा बाजूक. चायेक बोलव तिका."

मी म्हटलं, "कुठे बाजूला?"

"साटमांच्या खोलीत. आयकाक येता मा."

मी कान दिला. भिंतीपलीकडून दर्शनाचा आवाज येत होता. शब्द सगळे कळत नव्हते, पण आवाज तिचाच. तो शेवटचा उचललेला सूर. आवाज आईने आधी ऐकला, मी नंतर. ही गोष्ट पुढे डॉक्टरांनी मला बरेचदा विचारली, म्हणून इथेच स्पष्ट सांगून ठेवते. आणि माझ्या आईचे कान असे आहेत, की वरच्या मजल्यावर शिटी झाली तर कुकर कुणाचा ते ती सांगते.

मी गॅलरीत आले. पत्रा जागच्या जागी, कुलूप जागच्या जागी. आत आले, तर आवाज चालू. आणि एक वाक्य अगदी स्वच्छ आलं. "तिला सांभाळते मी. ती माझ्या शब्दाबाहेर नाही."

हे माझ्याबद्दल होतं. अजून कुणाबद्दल असणार? बिल्डरने कुलूप न काढता मागच्या मोरीच्या बाजूने आत घेतलंय, आणि दर्शना आत बसून त्याला सांगतेय की पत्रकवालीची काळजी नको... असं एका मिनिटात सगळं चित्र तयार झालं. त्या चित्रात एक भोक नव्हतं. भोक नसलेली चित्रं मला लिहिता येतात, तो माझा धंदाच आहे.

त्यानंतर बऱ्याच दुपारी आवाज यायचा. फोनवर रेकॉर्ड करायचा प्रयत्न केला. रेकॉर्डिंगमध्ये पंखा, कबुतरं आणि आईचं खोकणं. बास.

एकदा मी रेशनच्या कामाला बाहेर गेले होते. परत आले तर आई शांतपणे भाकऱ्या थापत होती. म्हणाली, "आज मी तिच्याशी बोललंय."

"कुणाशी?"

"दर्शनाशी. भिंतीवर थाप मारलंय, म्हटलंय, भाकरी खातंस काय गो? तर म्हणाली, नको काकी, घसा बसलाय."

मी चिडले. "आई, घसा बसलाय तर बोलते कशी? आणि पत्र्यामागे बसून भाकरी नको म्हणणारी बाई सरळ दारातून का येत नाही? कळतंय का तुला काही? ती बिल्डरला सामील आहे!"

आई म्हणाली, "ता माका ठाऊक नाय. पण आवाजावरना दमलेली वाटली."

त्या दिवसांतली मी आता आठवली की मलाच थकायला होतं. झोप गेली. छातीत सतत धडधड, जणू कुणीतरी जिना चढून येतंय आणि पोचतच नाही. दर्शनाचं लास्ट सीन बघत बसायचं. ती ऑनलाइन आहे आणि बिल्डरचा माणूसही ऑनलाइन आहे — झालं, पुरावा! तिच्या "ओके"चे स्क्रीनशॉट काढून ठेवले होते. एकदा तर तिच्या मागे भायखळ्यापर्यंत गेले. भाजी मार्केटमध्ये फ्लॉवरच्या गोण्यांआड उभी राहून मी माझ्या मैत्रिणीवर नजर ठेवत होते. आणि बघते तर काय, ती भाजीवाल्याशी तोंडाने बोलतच नव्हती! बोटं दाखवत होती, मान हलवत होती. मी घामाने भिजले. मला वाटलं, खुणा. बाई भाजीवाल्यालाही सामील करून बसली आहे.

हसा. मीही आता हसते.

पण एक गोष्ट हसण्यासारखी नाही. यातलं बरंचसं मी समितीतल्या लोकांना सांगत होते आणि एकानेही मला "तुला बरं नाहीये का?" असं विचारलं नाही. उलट कौतुक झालं. "वृंदाचं लक्ष असतं हां सगळीकडे." चळवळीत संशय हा गुण असतो. इथे माणूस आजारी पडतो तेव्हा त्याला बढती मिळते.

रविवारी सर्वसाधारण सभा होती. प्रस्ताव नाकारायचा की स्वीकारायचा, ते ठरणार होतं. मी पत्रक लिहिलं — "आपल्यातला फितूर ओळखा!" खाली दर्शनाचं नाव, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. सभेच्या दारात ते वाटायचं. एकदा वाटलं की संपलं — चाळीत अशी गोष्ट एका तासात मोरीपर्यंत पोचते आणि पुढच्या पिढीपर्यंत टिकते. दर्शना परत त्या चौकात पाय ठेवू शकली नसती. हे मला माहीत होतं. माहीत असूनच लिहिलं होतं.

परळच्या प्रेसमध्ये प्रूफ बघायला गेले. तिथे ते नाव ठळक टाइपात समोर आलं आणि माझा हात बधिर झाला. श्वास वर चढेना. प्रेसवाल्या काकांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, मग टॅक्सीत घालून जवळच्या पालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. टॅक्सीत मी त्यांना काय म्हणत होते माहितीये? "तुमच्या चहात कुणी काही घातलं का? बिल्डरचा माणूस आला होता का?" बिचारे काका. माझी निम्मी पत्रकं त्यांनी उधारीवर छापली आहेत.

ईसीजी नॉर्मल. रक्त नॉर्मल. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी दोन-चार प्रश्न विचारले आणि केसपेपरवर दुसऱ्या विभागाचं नाव लिहिलं. मानसोपचार. मी भडकले. म्हटलं, "म्हणजे बिल्डरने छळायचं आणि वेडं आम्हाला ठरवायचं?" ते म्हणाले, "ताई, वेडं कोण म्हणालं? झोप येत नाही म्हणालात ना? तिथे झोपेचं बघतात."

झोपेच्या आमिषाने गेले. डॉक्टर माझ्यापेक्षा लहान मुलगी निघाली. डोळ्यांखाली काळं, माझ्याहूनही जास्त.

"मैत्रिणीबद्दल संशय कधीपासून येतोय?" तिने विचारलं.

"संशय घेणं हे माझं काम आहे, डॉक्टर."

"बरं. कामाला सुट्टी कधी असते?"

मी पर्सची चेन उघडली, परत लावली.

"म्हणजे झोपताना असते का? जेवताना?"

"नाही."

"मग ओव्हरटाइम चाललाय," ती म्हणाली आणि लिहायला लागली. मग मान वर न करता, "तिला विचारलंत का सरळ?"

"फितुराला विचारून कोणी कबूल करतं का?"

"नाही करत. पण समजा ती फितूर नाहीये. तर मग तिने काय उत्तर दिलं म्हणजे तुम्ही मानाल?"

मी इतकी पत्रकं लिहिली, समोरच्याच्या प्रत्येक मुद्द्याला उत्तर तयार ठेवलं... आणि इथे कळलं की माझ्या चित्रात दर्शनाला निर्दोष असायला जागाच ठेवली नव्हती मी. ती बोलली तर खोटं बोलते, गप्प बसली तर विकली गेली.

डॉक्टरने गोळ्या दिल्या. बोलण्यासाठी परत यायला सांगितलं. आवाजाबद्दल नीट विचारलं. आईने तो आधी ऐकला म्हटल्यावर पेन थांबलं. "आईंना तुम्ही आधी काही बोलला असाल... एका घरात राहणाऱ्या माणसांत एकाचा समज दुसऱ्यात जातो." मी म्हटलं, नाही, आईने मला सांगितलं. तिने तेही लिहून घेतलं.

पत्रकांचा गठ्ठा तोवर छापून घरी आला होता. खाटेखाली होता. मी ठरवलं होतं — गोळ्या घेईन, पण रविवारी पत्रक वाटणारच. आजार आजाराच्या जागी, लढा लढ्याच्या जागी! असा माझा खाक्या.

शनिवारी परत गेले. केसपेपरची रांग सगळ्या विभागांना एकच असते. पुढे सरकत होते तर बाजूच्या बाकावर, कान-नाक-घशाच्या पाटीखाली, ओढणी गुंडाळून कोण बसलंय? दर्शना.

तिने मला बघितलं आणि हातातला कागद पाठीमागे लपवला. मी माझा पर्समध्ये कोंबला. दोघींच्या डोक्यात एकच, हिने मला इथे का बघावं!

"इथे काय करतेस?" मी विचारलं.

तिने फोन काढून टाइप केलं आणि स्क्रीन माझ्यासमोर धरली. "तू?"

"मी आधी विचारलं."

ती टाइप करत राहिली, पुसत राहिली. मग दाखवलं. "गाठ होती आवाजाच्या दोरीवर. गणपतीत फुटला घसा. आधी गप्प राहून बघा म्हणाले, तरी गाठ गेली नाही. मग ऑपरेशन. आता परत गप्प. एक शब्द काढायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही."

मी बाकावर बसले.

"सांगितलं का नाहीस?"

"घोषणावालीचा आवाज गेला हे कळलं असतं तर बिल्डरने पेढे वाटले असते."

"अगं पण मला? मला का नाही सांगितलंस?"

तिने माझ्याकडे बघितलं. मग पटापट बोटं चालवली. "तुला सांगितलं असतं तर तू त्याच्यावरपण पत्रक काढलं असतंस."

मला हसू आलं आणि त्यातच रडू आलं. रांगेतल्या बायका बघायला लागल्या. एकीने मला पाण्याची बाटली दिली, म्हणाली, "होतं गं बाय, घशाचं बरं होतं." तिला वाटलं, पेशंट दर्शना आणि रडणारी बहीण.

मग मी तिला सगळं सांगितलं. पत्रक, भायखळा, फ्लॉवरच्या गोण्या. ती ऐकत होती, मधेच डोक्याला हात लावत होती. पण भिंतीतल्या आवाजाचं सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. तिने टाइप केलं, "कधी?"

मी सांगितलं. विसर्जनानंतर. दुपारी. अगदी या आठवड्यापर्यंत.

"मी तेव्हा बोलतच नव्हते वृंदे."

"माहितीये. आत्ता कळलं."

"काय बोलत होते मी?"

मी पहिलं वाक्य सांगितलं. तिला सांभाळते मी, ती माझ्या शब्दाबाहेर नाही. दर्शनाने ते वाक्य टाइप करून मला दाखवलं, हेच का म्हणून. मग लिहिलं, "हे मी म्हणते. ताईला. तुझ्याबद्दल. ती म्हणते त्या पत्रकवालीपायी नोकरी घालवशील, तेव्हा मी नेहमी हेच म्हणते. पण लालबागमध्ये नाही. आणि गणपतीनंतर नाही."

मग मी आईचं सांगितलं. भाकरी. नको काकी, घसा बसलाय.

तिने फोन खाली ठेवला. तेवढ्यात आतून तिचं नाव पुकारलं. "हो" म्हणायला तिने तोंड उघडलं आणि तसंच मिटून हात वर केला.

रविवारी सभा झाली. पत्रकं वाटली नाहीत. त्यांचं काय झालं ते सांगते, नाहीतर कुणी विचारेल — आईने ती फडताळाच्या फळ्यांवर अंथरली, कोरी बाजू वर करून. डाळींचे डबे त्यावर आहेत. दर्शना पहिल्या रांगेत बसली. मी उठून सांगितलं की हिच्या घशाचं ऑपरेशन झालंय, ही बोलणार नाही, आज घोषणा मी देणार. माझा आवाज म्हणजे... पहिल्याच घोषणेला चिरकला. मागून चाळीतले तांबे काका ओरडले, "वृंदा, तू लिहीतच जा गं बाई!" सगळे हसले. पण प्रतिसाद दिला. दुसऱ्या वेळी जास्त मोठा दिला. प्रस्ताव नाकारला गेला, आणि पुढे काही महिन्यांनी बिल्डर थोडा खाली आला. हवं होतं तेवढं सगळं नाही मिळालं. पण याच ठिकाणी घरं, एवढं मिळालं.

साटमांची खोली मधल्या काळात उघडावी लागली, खालच्या मजल्यावर गळती लागली म्हणून. समितीचे लोक आणि बिल्डरचा माणूस, सगळ्यांसमोर पत्रा काढला. आत उभं राहायला जागा नव्हती. रिकाम्या झालेल्या बाकीच्या खोल्यांतलं सगळं डेब्रिज त्यांनी या एका खोलीत कोंबलं होतं. तुटलेल्या लाद्या, मोरीचे कट्टे, दरवाज्यांच्या चौकटी, छातीपर्यंत. मोरीच्या बाजूची खिडकी विटांनी चिणलेली. आमच्या भिंतीला तर चौकटींचा ढीग टेकलेला. तिथे बसून कुणी कुणाशी बोलेल, हे शक्य नाही. बिल्डरचा माणूस म्हणाला, "काय शोधताय मॅडम?" आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला उलट उत्तर दिलं नाही.

डॉक्टरला हे सगळं सांगितलं. दर्शनाचं, डेब्रिजचं, घसा बसल्याचं. ती म्हणाली, "तुमची चिंता, झोप न होणं, मैत्रिणीवर पाळत ठेवणं — हे मला समजतं आणि त्यावर उपचार आहेत. आईंना जे ऐकू आलं, ते मला समजत नाही. समजलं असं म्हणणार नाही. गोळ्या चालू ठेवा." त्या दिवसापासून माझा त्या मुलीवर पूर्ण विश्वास आहे. आणि हे वाचून कुणी आपल्या गोळ्या बंद करणार असेल, तर त्याने मला भेटावं, त्याच्यासाठी स्वतंत्र पत्रक काढीन. मला उपचारांनी बरं वाटलं. झोप लागते. दर्शनाचं लास्ट सीन बघत नाही. गोळ्या सुरू झाल्यावर हळूहळू तो आवाज कमी झाला आणि मग आलाच नाही.

दर्शनाला बोलायची परवानगी मिळाली तेव्हा ती पहिली आमच्याकडे आली. दारात उभी राहून म्हणाली, "काकी, चहा टाका."

मी चमकून बघितलं. आवाज तिचा नव्हता. म्हणजे तिचाच, पण खाली बसलेला, खरखरीत, कडेला फाटलेला. तो उचललेला सूर गेला होता. डॉक्टरांनी तिला सांगितलंय, एवढाच परत येईल. मोर्च्याचं विसरा.

चहा झाल्यावर ती उठली आणि त्या भिंतीपाशी गेली. हाताने चुना चाचपला. मग कान लावला.

"येतो का गं अजून?" तिने विचारलं.

"नाही. गोळ्यांनी थांबला."

"हं." थोड्या वेळाने म्हणाली, "गणपतीचे व्हिडिओ शोधले मी. सगळ्यांत ढोल आहेत. माझा साधा, घरातला आवाज कुठे नाहीच. तो शेवटचा तूच ऐकलास... आणि गोळ्या खाऊन घालवलास."

ती चेष्टेने म्हणाली. मी कपबश्या गोळा करून मोरीत नेल्या.

मग तिने मोरीकडे तोंड करून विचारलं, "काकी, तुम्ही गोळ्या घेत नाही ना? तुम्हाला येतो?"

आई भांडी घासत होती. हात थांबले नाहीत. "माका विचारू नको. ही माकापण त्या लायनीत नेऊन बसवतली."

"नाही बसवत," मी म्हटलं. "सांग."

आईने नळ बंद केला. "आता बोलणा नाय फारशी," ती म्हणाली. "हसता मधी मधी."

दर्शना भिंतीला पाठ लावून खाली बसली.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. हे वाक्य लिहायला मला किती जड जातंय ते माझी पत्रकं वाचलेल्यांना कळेल. पुढच्या महिन्यात आम्हीही खोली खाली करतोय, ट्रान्झिटची चावी मिळाली आहे. मग आमच्या दारावरही पत्रा बसेल, आणि मग ही भिंत पडेल. जिच्यासाठी आम्ही दोघी इतकी वर्षं ओरडलो, ती नवी इमारत तिथे उभी राहील.

तोवर दर्शना शनिवारी दुपारी येते. त्या भिंतीला टेकून बसते, फारसं बोलत नाही. मला काही ऐकू येत नाही. मी पत्रकाचं काम करत बसते. आईला मी काही विचारत नाही. दर्शना विचारते, आणि आई सांगते.